विचारल्याशिवाय बोलू नये

"मॅडम, हा ब्लॉग मेलाय," अभिनव सर माइकवरून म्हणाले आणि कोथरूडच्या हॉलमध्ये ब्लॉगलेखनाच्या कार्यशाळेला आलेली साठ माणसं पडद्यावरची नजर काढून विजयमालाबाईंकडे बघू लागली.

बाईंचं बिबवेवाडीत शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान. ब्लॉगही मशीनवरच. अडुसष्ट लेख आणि प्रत्येकाखाली प्रतिक्रिया शून्य. 'कुणाचा ब्लॉग तपासू?' असं सरांनी विचारलं तेव्हा पहिला हात बाईंनीच वर केला होता. दोन वर्षं दुपारी गिऱ्हाईक नसताना त्या दोन बोटांनी टाइप करत आल्या होत्या. आज काय तो निकाल लावायचा, नाहीतर लिहिणं कायमचं बंद, असं घरून निघतानाच त्यांनी पक्कं केलं होतं. आता डोळे भरून यायला लागले, तसा त्यांना स्वतःचाच राग आला.

"बिझनेस ब्लॉग असा नसतो," सर समजावू लागले. "एक तर मराठीत, त्यात मशीनच्या दोऱ्यावर आठशे शब्द! कोण वाचणार? हातातली यादी बघा. लेखकांनी आणि उद्योजकांनी वाचलेच पाहिजेत असे पंचवीस ब्लॉग. आधी हे वाचा, मग लिहा."

यादी बाईंनी केव्हाच पाहिली होती. पंचवीसच्या पंचवीस इंग्रजी.

"यातल्या एकाला तरी बॉबिन बसवता येते का?" त्यांनी विचारलं.

हॉलमध्ये हशा पिकला. सरही हसले. माणूस वाईट नव्हता. "या, लॉगिन करा. किती जण येऊन गेले तेवढं तरी बघू."

बाईंनी पासवर्ड टाकला. त्यांना दोनच बटणं ठाऊक, लेख लिहायचं आणि लेख छापायचं. सरांनी भलतंच काहीतरी दाबलं, एक नवीन पान उघडलं आणि ते बघतच राहिले. चारशे बारा प्रतिक्रिया मंजुरीसाठी थांबल्या होत्या.

"हे सेटिंग कुणी केलं? तुम्ही हो म्हटल्याशिवाय इथे कुणाचं अक्षरही दिसत नाही."

बाईंना आठवलं. भाची अक्षताने ब्लॉग उघडून देताना विचारलं होतं, 'मावशी, लोकांनी खाली काही लिहिलं तर?' बाईंच्या तोंडात दोरा होता. तो न काढताच त्यांनी दुकानातल्या पाटीकडे बोट दाखवलं होतं. 'विचारल्याशिवाय बोलू नये.' पोरीने मावशीचा शब्द तंतोतंत पाळला आणि नोकरीसाठी बंगळूरला निघून गेली.

सर मोठ्याने वाचू लागले.

"'बरे लिहिता. तिसऱ्या लेखात एक शब्द दोनदा आला आहे. एक कोथरूडकर.'"

कोथरूडकराने 'बरे' म्हटलं! बाईंची मान आपोआप ताठ झाली.

"'ताई, खाली गुंता होत असेल तर बॉबिनला हात लावू नका, वरचा दोरा काढून पुन्हा ओवा, असं तुम्ही लिहिलंत. तसं केलं. मशीन तालुक्याला न्यावं लागलं नाही. शाळेचे चाळीस गणवेश वेळेत दिले. चंद्रभागा, जिल्हा वाशीम.' पुढे परत त्याच आहेत. 'ताई, बचत गटाने तुमचे लेख छापून भिंतीला लावलेत.' आणि परत..." सरांचा आवाज खाली आला. "'ताई, तीनदा लिहिलं, उत्तर नाही. आमचं काही चुकलं का?'"

सरांनी हातातली यादी घडी करून खिशात घातली, फळ्यावर बाईंच्या ब्लॉगचा पत्ता लिहिला आणि त्याखाली रेघ ओढली. मग कुठून तरी टाळी वाजली आणि बघता बघता सगळा हॉल उभा राहिला.

"मॅडम, मघाशी बोललो ते मागे घेतो," सर म्हणाले.

"टाळ्या नंतर, माफी नंतर. आधी सरका, मला बसू द्या. दोन वर्षं माणसं दारात उभी आहेत."

बाई बसल्या. डोळ्यांतलं पाणी आता त्यांनी अडवलं नाही. पडद्यावर एकेक अक्षर उमटू लागलं, 'चंद्रभागा, चूक तुझी नाही, माझी.' खाली बसून लोक पत्ता उतरवून घेत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ब्लाउज शिवणाऱ्या कांताबाई मशीन घेऊन दुकानात आल्या आणि भिंतीवरचा रिकामा खिळा बघून थबकल्या.

"अहो, पाटी कुठे गेली?"

"लोकांनी फार मनावर घेतली," विजयमालाबाई म्हणाल्या आणि त्यांनी स्टूल पुढे सरकवलं. "बसा. बोला."