डावा हात

जामखेडजवळच्या गावात शिरण्याआधी मी माझ्या स्काउट पथकातल्या छोट्या बालवीरांना बजावलं होतं, “पथकात आपण डावा हात मिळवतो, तसा इथं मिळवू नका. लोकांना अपमान वाटेल. सरळ नमस्कार करा.” चावडी झाडून पोरं पाणी प्यायला शेजारच्या घरच्या बनुबाईंच्या ओट्यावर आली. तिथं ब्रह्मदेशच्या लढाईवरून परतलेला त्यांचा लेक गहिनीनाथ बसला होता. सदऱ्याची उजवी बाही रिकामी लोंबत होती. पोरांनी हात जोडले. त्याला ते कसं जमणार? तो मान खाली घालून आत जायला उठला. तेवढ्यात माझी ताकीद विसरून बारक्या आमोसनं सवयीनं डावा हात पुढं केला. “डावा हात देतोस व्हय रं?” बनुबाई खेकसल्या. मी त्याला मागं ओढणार, तोच गहिनीनाथनं हात धोतराला पुसला आणि तो इवलासा पंजा धरला. “आसू दे, आये. माजा आता ह्योच उजवा हाय.”