कादंबरीची भिंत

"एकाही कार्डाला हात लावू नकोस!" नवरा आतून ओरडला. मी फक्त जळमटं काढत होते. बैठकीच्या भिंतीवर त्याच्या कादंबरीचा आराखडा होता. नायकाची कार्डं पिवळी, नायिकेची गुलाबी, आणि कुठला प्रसंग कुठे जुळतो ते दाखवायला माझ्या विणकामाची लोकर ताणलेली. त्या भिंतीपायी टीव्ही माळ्यावर गेला होता.

"अरे, पण एक पान तरी लिहिशील की नाही?"

"आधी सांगाडा उभा राहू दे. शेवटचं प्रकरण अजून बसत नाहीये."

रविवारी एकदाचं तेही बसलं. मी हुश्श केलं, टेबल लखलखीत पुसलं, कोरे कागद मांडून ठेवले. आता बघतेच म्हटलं, कसा लिहीत नाही ते!

सोमवारी सकाळी दारात शिडी घेऊन रंगारी हजर.

नवऱ्यानं कपाळावर हात मारला. "घरमालकानंच पाठवला असणार! दरवर्षी ऐन मोक्याला बरा मुहूर्त सापडतो त्यांना!"

घाईघाईत उतरवताना कार्डांची सरमिसळ झाली, लोकरीचा गुंता झाला. "संपलं! आता परत पहिल्यापासून!" म्हणत तो मटकन खाली बसला. मला अगदी भरून आलं. घरमालकाला चांगलं फैलावर घ्यायचं ठरवून संध्याकाळी मी फोन शोधू लागले.

तेवढ्यात काम आटोपून रंगाऱ्यानं शिडी खांद्यावर घेतली आणि नवऱ्याला म्हणाला, "येतो साहेब. पुढच्या वर्षीही असाच आदल्या दिवशी फोन करा."