थोडी जड

"आधी कोणाची गाडी घेऊ?" प्रफुल्लनं तिसऱ्यांदा विचारलं, आणि सर्विस सेंटरच्या अंगणात उभ्या असलेल्या गाडीमालकांनी तिसऱ्यांदा एकमेकांच्या तोंडाकडे पाहिलं.

चूक कंपनीची होती, हे आता कंपनीही नाकारत नव्हती. या डिझेल गाड्यांच्या कॉम्प्युटरमध्ये असा प्रोग्रॅम बसवला होता, की तपासणीच्या वेळी धूर कमी निघायचा आणि रस्त्याला लागलं की मनसोक्त. ते उघडकीला आलं. मग कंपनीनं सगळ्या गाड्या परत बोलावल्या. नवा प्रोग्रॅम टाकून देतो, म्हणाली, तोही फुकट. पण चंद्रपूरच्या या अंगणात त्या फुकटाचीच सगळ्यांना धास्ती होती.

"पिकअप जाते म्हंतेत," कोरपन्याचे श्रीहरी म्हणाले. सिमेंट कारखान्याच्या शिफ्टची माणसं त्यांच्या गाडीतून जायची. "नागपूरले एकाची गाडी चढावर बंद पडली. मोबाईलवर आलं होतं."

"तसं काहीही होत नाही, काका. गाडी अगदी पहिल्यासारखीच चालते." इस्त्रीचा शर्ट, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. हे वाक्य प्रफुल्लला पाठ होतं.

"पयलेबी तुमी असंच सांगतलं होतं. धूर नाई म्हून."

प्रफुल्लनं गळ्यातलं ओळखपत्र सरळ केलं.

अन्नपूर्णा आपल्या गाडीला टेकून ऐकत होती. स्टेशनवरून पाहुणे घ्यायचे आणि अभयारण्याच्या मोहर्ली गेटवर सोडायचे, हा तिचा धंदा. गाडीचं काही बरंवाईट झालं तर घर कशावर चालणार, ही भीती तिलाही होतीच. पण आठवडाभर तिला टोचत होतं ते वेगळंच. जंगल लागलं, की ती पाहुण्यांना काचा खाली करायला लावायची. "घ्या, आमची हवा घ्या," म्हणायची. पाहुणे खूश होऊन डोळे मिटायचे. आणि तिचीच गाडी मागं काय सोडत जात होती!

"माह्या गाडीत टाका," ती म्हणाली.

"काऊन घाई करून राह्यल्या, बाई?" श्रीहरी पुढं झाले. "एकदा टाकलं का जुनं परत येत नाई म्हंतेत."

"नाई येत तं नाई. पण टाकल्यावर पुलाच्या चढावर नेऊन पाहू. तुमी सगळे बसा आत. रिकामी गाडी तं कोणतीबी चढते."

प्रोग्रॅम चढेपर्यंत अन्नपूर्णानं हातातला चहा प्यायलाच नाही. शेवटी केबल निघाली, बॉनेट बंद झालं. श्रीहरी तिच्या शेजारी बसले, बाकीचे मागं दाटीवाटीनं. "साहेब, तुमीबी या," कोणीतरी म्हणालं, आणि प्रफुल्ललाही आत ओढून घेतलं.

रेल्वेवरचा पूल जवळच होता. चढ लागला आणि नेमका पुढं कोळशाचा ट्रक आला. अन्नपूर्णाला गाडी जवळजवळ थांबवावी लागली. ट्रक पुढं सरकल्यावर तिनं ॲक्सिलेटर दाबला. गाडी एरवी उसळायची. आज उसळली नाही. एक क्षण तर ती जागच्या जागी नुसती घुरघुरली. मागच्यांनी पुढच्या सीटा घट्ट धरल्या. अन्नपूर्णानं गिअर उतरवला, पाय तसाच ठेवला. गाडीनं दम धरला, हळूहळू वेग घेतला आणि ट्रकच्या मागोमाग पुलाच्या माथ्यावर आली.



अंगणात परतल्यावर प्रफुल्लचा चेहरा खुलला होता. त्यानं मोबाईल काढला. "मॅडम, एक छोटासा व्हिडिओ. सगळ्या मालकांना पाठवायचा आहे. फक्त म्हणा, काहीच फरक पडला नाही."

अन्नपूर्णानं मोबाईलकडे पाहिलं, मग सगळ्यांकडे. तेवढं म्हटलं असतं तर सगळ्यांच्या आधी गाडी पुढं केली म्हणून तिला कोणी मूर्खात काढलं नसतं.

"फरक पडला," ती म्हणाली. "थोडी जड झाली. चढावर गिअर अगोदर उतरवा लागते. पण चढते. एवढी माणसं घेऊन चढली."

प्रफुल्लनं मोबाईल खाली केला. "मॅडम, परत एकदा घेऊ या का? असं वर पाठवता येणार नाही."

"मंग नका पाठवू. एकदा पाहुण्यांपाशी माह्या तोंडून खोटं गेलं, तवा मले मालूम नव्हतं. आता मालूम हाये."

 प्रफुल्लनं मोबाईल खिशात टाकला आणि मालकांकडे वळला. बोलला तेव्हा त्याची भाषाच बदलली होती. बल्लारपूरचा पोरगा होता तो. इतका वेळ कोणाला कळलंच नव्हतं.

"ताई खरं सांगून राह्यल्या. चढावर जराशी जड लागते. ॲव्हरेजबी थोडा कमी येईन. बंद नाई पडत, धूर मातर खरंच कमी होते. काही झालं तं कंपनीले फोन नका लावू, मले लावा. मी इथीच हावो."

 श्रीहरी मोठ्यानं हसले.

"हे पयलेच सांगतलं असतं, लेका, तं आमी केव्हाच आलो असतो!"

त्यांनी खिशातून जुडगा काढला. घराच्या, कपाटाच्या, मोटरपंपाच्या किल्ल्यांत गाडीची किल्ली घट्ट अडकली होती. नखानं कडी उघडेना. दातात धरून त्यांनी ती ओढायला घेतली, आणि प्रफुल्ल तळहात पसरून, अजिबात घाई न करता, समोर उभा राहिला.