उदबत्तीचा धूर

मथुराबाईची भाजीची व्हॅन चौकाचौकात बंद पडू लागली, तशी ती उटनूरला बाबारावच्या गॅरेजात घेऊन आली. स्कॅनरनं एवढंच सांगितलं, की इंजिनात हवा जास्त, पेट्रोल कमी. म्हणजे कुठला तरी पाइप चिरलेला. पण कुठला, ते स्कॅनरच्या बापालाही ठाऊक नसतं. बाबारावनं चालू इंजिनापुढं उदबत्ती पेटवली. मथुराबाईनं लगेच डोक्यावर पदर घेतला, हात जोडले. पूजा समजली वाटतं, बरंच झालं, असं त्याच्या मनात आलं. पेट्रोलची नळी टाळून त्यानं उदबत्ती हळूहळू फिरवली. सरळ वर जाणारा धूर एका पाइपाशी वाकला आणि आत ओढला गेला. नवा पाइप बसताच इंजिन एका लयीत चालू लागलं.

आता सांगायला हरकत नव्हती. "मावशी, ते पूजा नवती. चीर धुराले ओढते."

मथुराबाईनं इंजिन बंद केलं. त्याच्या कानाशी तोंड नेऊन ती म्हणाली, "समजलं मले. मागच्या साली तू हे नुसत्या कानानं शोधलं होतं. हात म्या गाडीसाठी नाई, तुह्या कानासाठी जोडले, बाप्पा."