भामेचा शेवटचा ‘मी’

वेणी पडद्यावरून पुढे आली आणि मांडव एकदम शांत झाला.

लांब काळी वेणी, टोकाला सोनेरी गोंडा. पडदा दोघांनी दोन बाजूंनी धरलेला. त्याच्यामागे नृत्यनाटकातली सत्यभामा. पडद्यापुढे सूत्रधार पुन्नय्या नेहमीच्या खड्या आवाजात ओरडला, “भामेपेक्षा शहाणं कुणी असेल, तर पुढे या! तिला विचारा! उत्तर आलं नाही, तर ही वेणी कापून न्या!”

शेजारी तबकात कात्री होती. दर वर्षी ती घासूनपुसून ठेवायची. कुणी उठायचं नाही, ही रीत. कारण वेणी एकदा कापली गेली की त्या नटाने पुन्हा भामा व्हायचं नसतं.

चाळीस वर्षं ती वेणी सोमयाजुलू गारूंची, म्हणजे सोमयाजुलूरावांची, होती. यंदा गुडघ्यांनी दगा दिला, आवाज फाटला. आज ते पहिल्यांदाच पडद्याच्या या बाजूला, चटईवर बसले होते. पडद्यामागे त्यांचाच शिष्य होता, मुरहरी. तिशी उलटलेला, गुणी, पण गरीब स्वभावाचा. तालमीत सोमयाजुलू त्याच्यावर वैतागत. “अरे, भामेला रुसायचंय, भिक्षा नाही मागायची! जरा ताठा आण अंगात. नसेल तर माझा घे उसना.”

मुरहरी नुसता हसायचा.

आज घरून निघताना सोमयाजुलूंना बायकोने, कनकम्माने, बजावलं होतं, “बघायला निघालाय ना? मग बसून बघा.”

“मग काय, या गुडघ्यांवर नाचणार आहे?”

“तुमचा काय नेम.”

संध्याकाळी देवळात हरिकथा झाली होती. माणसाचा ‘मी’ कसा गळून पडतो ते कीर्तनकार दासू गारूंनी इतकं गोड गाऊन सांगितलं की सोमयाजुलूंच्या डोळ्यांना पाणी आलं. सगळ्यांत आधी मान त्यांचीच डोलली होती.

मांडवात आल्यापासून लोक येऊन सांगत होते, “तुमच्यासारखी भामा आता होणे नाही, गारू.” ते ऐकून ऐकून त्यांना थकवा आला. मग लोक सांगायचे थांबले. तेव्हा जास्त आला.

आता मागच्या रांगेतून एका बाईचा आवाज आला. “बघ ना, किती अलगद आली वेणी. आधीचे असे फेकायचे, की आमचं बाळ दचकून रडायचं.”

दोघीतिघी हसल्या.

आपण उठलो आहोत, हे सोमयाजुलूंना उठल्यावर कळलं.

लोकांना वाटलं, आधीच ठरलेलं असणार. टाळ्या पडल्या. पुन्नय्या मात्र घाबरून जवळ आला. “काका, हे काय? बसा.”

“तूच बोलावलंस ना? शहाणं कुणी असेल तर या म्हणून?”

“ते दर वर्षीच म्हणतो हो! कुणी खरंच यायचं असतं का?”

सोमयाजुलूंनी त्याला बाजूला सारलं. पडद्याकडे तोंड करून ते म्हणाले, “प्रवेशाच्या पदात भामा पुन्हा पुन्हा ‘मी’ म्हणते. मी राणी, मी रूपवती, मी कृष्णाची लाडकी. प्रत्येक ‘मी’ निराळा. सगळ्यांत शेवटचा ‘मी’ कसा? दाखव.”

पडद्यामागून काही आलं नाही. मृदंगावरचा हात थांबला. वेणी लोंबत राहिली, तिचा गोंडासुद्धा हलेना. “बोल रे बाबा काहीतरी,” कुणीतरी कळवळून म्हणालं.

उत्तर त्याला येत होतं. सोमयाजुलूंनीच ओसरीवर बसून शिकवलं होतं, त्यांच्या गुरूंनी त्यांना शिकवलं तसंच. मग हा गप्प का? म्हाताऱ्याची कीव करतोय? सोमयाजुलूंना राग आला. रागाच्या तळाशी थोडं सुखही होतं. त्यांनी तबकातली कात्री उचलली.

“काका,” पुन्नय्याचा आवाज चिरकला, “दुसरं काही येत नाही हो त्याला. जगायचं कसं त्याने?”

“उत्तर दिलं नाही त्याने.”

त्यांनी वेणी मुठीत धरली. अंगाच्या उबेने ती अजून उबदार होती. कात्री उघडली, आणि त्यांना वाटलं, एकदा तोंड तरी पाहावं त्याचं. त्यांनी पडद्याची कड खाली ओढली.

मुरहरी उभा होता, वेणी खांद्यावरून पुढे आलेली. डोळे मिटलेले. उजवा हात छातीकडे आलेला, पण छातीपासून वीतभर अलीकडेच उघडून थांबलेला. बोटं रिकामी, काहीतरी देऊन टाकल्यासारखी. मानेतला ताठा उतरलेला. हात इतका वेळ धरून ठेवल्याने दंड बारीक थरथरत होता. ‘दाखव’ म्हटल्या क्षणापासून तो दाखवत होता. मध्ये पडदा होता, एवढंच.

सोमयाजुलूंच्या गुरूंनी सांगितलं होतं, शेवटच्या ‘मी’ला हात छातीकडे निघतो, पण पोचत नाही, हात लावायला तिथे कुणी उरलेलंच नसतं.

वेणी त्यांच्या मुठीतून सुटली.

“पडदा सोडा,” ते म्हणाले.

पडदा खाली आला. लोकांनी भामा पाहिली. कुणी टाळी वाजवली नाही.

सोमयाजुलूंनी कात्री तबकात ठेवली आणि लोकांकडे वळले. आवाज फाटकाच होता, पण शेवटच्या चटईपर्यंत पोचला.

“उत्तर बरोबर आहे. चाळीस वर्षं माझा हात छातीला लागत होता.”