दोन्हीकडे चालणारं
गॅरेजात स्पोर्ट्स कारवाली बाई महिन्यात चौथ्यांदा ब्रेक पॅड बघायला आली, तशी काउंटरमागे मिस्त्रीच्या बायकोच्या पोटात दुखू लागलं. घरी खेकसणारा नवरा इथे साखरेत घोळवून बोलत होता. “ट्रॅकचं पॅड तापल्याशिवाय धरत नाही. रस्त्याचं लगेच धरतं, पण शर्यतीत दमतं.” बाईने लाडात मान वेळावली. “रोज रस्ता, रविवारी ट्रॅक. दोन्हीकडे चालेल असं एकच नाही का मिळत?” “मिळतं की! पण खरं सांगू? ते ना धड इकडचं, ना धड तिकडचं.” बोलला आणि चपापला. बायको उठून जवळ आली. पॅडची दोन्ही खोकी तिने नवऱ्यासमोर मांडली. “अगदी अनुभवाचे बोल आहेत हो यांचे,” ती बाईला म्हणाली. “मी काय घेऊ मग, वहिनी?” “तुम्ही सावकाश ठरवा.” मग ती नवऱ्याकडे वळली. “तुम्ही मात्र आजच.”