फुलपात्रभर पाणी

नात आरती पुन्हा शेजारच्या रंगुबाईच्या ओट्यावर जाऊन बसली, आणि मनकर्णाबाईच्या हातातलं पाण्याचं फुलपात्र तसंच राहिलं.

पोरांना बोलायला शिकवणाऱ्या नगरच्या ताईंनी बजावलं होतं. "आजी, ही पोटात असताना हिच्या आईला पुरळ उठून ताप आला, त्यात हिचं ऐकणं बरंचसं गेलं. आता कानाला मशीन लावलंय. पण तुम्ही न मागता सगळं हातात देता, मग ती बोलेल कशाला? 'पाणी' म्हणू द्या, मगच द्या."

मुलगा-सून दसऱ्यापासून ऊसतोडीला. घरात ह्या दोघीच. पोर घागरीकडं बोट दाखवी, आजी "पानी म्हन, माझे बाय" म्हणत बसे. पोर छातीवरच्या मशीनच्या पेटीशी चाळा करी आणि उठून दुसऱ्याच्या दारी जाई. तहानलेल्या लेकराला कोण नाही म्हणणार? मागं मनकर्णाबाई चुलीला शिव्या देई. तेवढंच घरातलं बोलणं.

मग तिनं सगळी आळी पालथी घातली. "माझ्या नातीला न मागता पानी पाजलं, तर माझ्याशी गाठ हाय." तिच्या जिभेला गाव भिऊन होतं. सगळ्यांनी माना डोलावल्या. एकच दार राहिलं.

चार वर्षांमागं आरतीच्या बारशाला पाळण्यापाशी परात पडली होती. बाया दचकल्या, पोर हललीसुद्धा नाही. तेव्हा रंगुबाई हळूच म्हणाली, "मनकर्णे, पोरीला ऐकू येत न्हाई गं." मनकर्णाबाईनं तिच्या सात पिढ्या उद्धारल्या आणि बोलणं तोडलं. त्यापायी पोरीला दवाखान्यात न्यायलाही उशीर झाला.

आता ती त्याच ओट्यासमोर उभी राहिली. रंगुबाई आरतीसाठी घागरीतून फुलपात्रात पाणी ओतत होती. मनकर्णाबाईनं तोंड उघडलं. गावाला धारेवर धरणारी जीभ टाळूला चिकटली. शेवटी तिनं फुलपात्राकडं नुसतं बोट केलं.

रंगुबाईनं वर पाहिलं. "काय पायजे? तोंडानं सांग."

आरती दोघींच्या तोंडाकडं बघत होती.

"पानी दिऊ नको तिला," मनकर्णाबाई म्हणाली. "मागू दे."

रंगुबाईनं भरलं फुलपात्र खाली ठेवलं. ओट्यावरचं पोतं झाडलं. सरकून जागा केली.

"बस," ती म्हणाली. "तुला तोंड उघडायला चार वर्सं लागली. पोरीलाबी लागंल थोडा येळ."